इन्फ्रारेड सॉना : पाठीच्या ताठरपणासाठी कुणी नियमित घेतं का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, पुढे नुसतं एएस म्हणते. निदान होऊन बरीच वर्षं झाली. ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. यात आपलीच प्रतिकारशक्ती कण्याच्या आणि कमरेखालच्या सांध्यांवर उलटते आणि तिथे सूज राहते. पहाटे कंबर ठणकायला लागते, उठताना सगळी पाठ ताठ असते. हालचाल केली की सुटत जाते, पडून राहिलं की आणखी आखडते. थंडीत तर फारच. निफाडचा पारा ५-६ वर आला की इथे नाशिकमध्ये आमच्या घरी सकाळचा पहिला चहा मुलगीच करते.

औषधं व्यवस्थित चालू आहेत आणि ती बंद करायचा विचारही नाही. पण शेकाने मला जो आराम पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही. गरम पाण्याची पिशवी, ओवा-मिठाची पुरचुंडी, फिजिओकडचा लाल दिवा, सगळं करते. मागच्या हिवाळ्यात न्यू जर्सीला मोठ्या दिरांकडे गेलो होतो. जाऊबाई त्यांच्या जिममधल्या इन्फ्रारेड सॉनात घेऊन गेल्या. लाकडी खोली, काचेचं दार, भिंतींत हीटरचे पॅनल. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा वाकून बुटाची नाडी बांधता आली. बाहेर बर्फ पडत होता आणि माझी पाठ मे महिन्यात असते तशी मोकळी होती.

आता इथे चौकशी केली तर एका माणसाच्या केबिनची किंमत लाख-दीड लाखाच्या पुढेच सांगतात. माहितीपत्रकात शरीरातली विषं बाहेर पडतात, एका बैठकीत ६०० कॅलरी जळतात, हृदयविकाराचा धोका निम्मा होतो, असं बरंच लिहिलंय. माझा प्रश्न साधा आहे. यातलं माझ्या पाठीच्या कामाचं किती? रोज घेतलं तर चालतं का? एवढे पैसे घालावेत का? ज्यांना अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

सांधेजोड

गोदाकाठ ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, एएसचे पेशंट नेहमी पाहते. तुम्ही नेमका प्रश्न विचारलात, कारण इन्फ्रारेड सॉनावर जे थोडे अभ्यास झालेत त्यातला एक चक्क एएसवरच आहे.

तो नेदरलँड्सचा, २००९ साली प्रसिद्ध झालेला. संधिवाताचे १७ आणि एएसचे १७ रुग्ण घेतले होते. चार आठवड्यांत आठ वेळा त्यांना इन्फ्रारेड सॉनात बसवलं. बसलेलं असताना दुखणं आणि ताठरपणा दोन्ही स्पष्ट कमी झाले, आणि एएसच्या रुग्णांत तर ठळकपणे. सांध्यांची सूज भडकली किंवा आजार उसळला असं कुणाच्या बाबतीत झालं नाही, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, कारण पेशंट नेहमी हीच भीती घेऊन येतात. चार आठवड्यांच्या शेवटीही थोडी सुधारणा दिसत होती, पण ती इतकी ठाम नव्हती की सॉनामुळेच झाली असं म्हणता येईल. आणि आजाराची तीव्रता मोजायचे जे निकष असतात त्यात फरक पडला नाही. सॉना न घेणारा गट तुलनेला नव्हता, हेही लक्षात ठेवायचं.

याचा अर्थ मी असा लावते की तुमचा न्यू जर्सीचा अनुभव खरा आहे, पण तो काही तासांचा आहे. ऊब स्नायूंची आखडण सोडवते, दुखण्याची जाणीव मंदावते. मणके जुळून येण्याची जी प्रक्रिया आहे तिला ती हात लावत नाही.

म्हणून मी पेशंटना सांगते की ते मोकळे तास वाया घालवू नका. शेक झाल्यावर लगेच पाणी प्या, थोडं टेका, आणि मग व्यायाम करा. पालथं झोपून पाठ ताणणं, मार्जारासन, मान आणि कणा दोन्हीकडे वळवणं, छाती पूर्ण फुगवून खोल श्वास. एएसमध्ये बरगड्यांचे सांधेही आखडतात आणि छाती फुगणं कमी होतं, त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. एरवी जो ताण सकाळी सहन होत नाही तो अशा वेळी सहज होतो.

मीठभाकर

ताई, अवश्य घ्या. मी पुण्यात एका वेलनेस सेंटरला गेले वर्षभर जातो आहे. आयटीतली नोकरी, रात्रीचे कॉल, मान आणि खांदे कायम जड. सॉनातून बाहेर आलो की अंग हलकं होतं आणि त्या रात्री गाढ झोप लागते. मला तर घामातून शरीरातली सगळी घाण निघून जाते हे पटलेलं आहे. आपण जे कीटकनाशक मारलेलं खातो, शहराची हवा घेतो, ते कुठून तरी बाहेर पडायला हवं ना? तिथल्या लोकांनी सांगितलं की साध्या घामापेक्षा इन्फ्रारेडच्या घामात जड धातू जास्त असतात, कारण ते किरण चार-पाच सेंटीमीटर आत जातात.

उत्तरवारा

फिनलंडमधून लिहितोय, तांपेरेला राहतो. हे शहर स्वतःला जगाची सॉना राजधानी म्हणवतं आणि इथल्या पिस्पाला भागात १९०६ पासून चालू असलेलं सार्वजनिक सॉनाघर आहे, राजापोर्ती नावाचं. शनिवारी संध्याकाळी तिथे आजोबा-नातू शेजारी शेजारी बसलेले असतात.

माहितीपत्रकातल्या ‘हृदयविकाराचा धोका निम्मा’ या वाक्याबद्दल लिहायलाच हवं. ते आकडे इथलेच आहेत, पण इन्फ्रारेडचे नाहीत.

कुओपिओ शहर आणि आसपासचे ४२ ते ६० वयाचे २३१५ पुरुष घेऊन त्यांची २० वर्षं माहिती ठेवली गेली. डॉ. यारी लाउक्कानेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. आठवड्यातून एकदा सॉना घेणाऱ्यांच्या तुलनेत ४ ते ७ वेळा घेणाऱ्यांत हृदय अचानक बंद पडून मरण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांनी कमी आणि एकूण मृत्यूंचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळलं. आकडे मोठेच आहेत. पण हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. ज्याची तब्येत मुळातच ठणठणीत आहे, ज्याला निवांत वेळ आहे, तोच आठवड्यातून पाच वेळा सॉनात बसू शकतो. संशोधकांनी धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात घेतलं होतं, तरी ही शंका पूर्ण जात नाही.

आणि मुख्य म्हणजे तो सॉना वेगळा. इथे दगड तापवतात, हवा ८० ते १०० अंशांपर्यंत जाते, वरून डावाने पाणी ओततात आणि वाफेची लाट अंगावर येते. त्या वाफेला लोयलू म्हणतात आणि इथल्या लोकांच्या मते ती नसेल तर सॉनाच नाही. युनेस्कोने २०२० मध्ये जो वारसा म्हणून नोंदवला तो हा. इन्फ्रारेड केबिनमध्ये हवा साधारण ४५ ते ६० अंश असते, वाफ नसते. तिथे भिंतीतल्या पॅनलमधून निघणारे किरण सरळ अंग तापवतात. थंडीतल्या सकाळी हवा गार असते तरी कोवळ्या उन्हात उभं राहिलं की अंग उबदार होतं ना, तसं.

म्हणून इथले आकडे तिथे चिकटवणं मला अजिबात योग्य वाटत नाही. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात यावर २०२५ मध्ये चांगली तुलना झाली. २० तरुण, व्यायाम करणाऱ्या माणसांना वेगवेगळ्या दिवशी गरम पाण्याच्या टबात, फिनिश पद्धतीच्या सॉनात आणि फार-इन्फ्रारेड (जास्त तरंगलांबीच्या इन्फ्रारेड किरणांच्या) सॉनात बसवलं. शरीराचं आतलं तापमान सगळ्यांत जास्त वाढलं ते गरम पाण्यात, एका अंशाहून थोडं जास्त. फिनिश सॉनात त्याच्या निम्म्याहून कमी. इन्फ्रारेडमध्ये जवळजवळ वाढलंच नाही.

गोदाकाठ ताई, तुम्हाला पाठ मोकळी हवी आहे, आतलं तापमान वाढवायचं नाही. त्यामुळे तुमच्यासाठी हा तोटा नसेलही. ज्यांना ८० अंश सोसत नाहीत त्यांना ही सौम्य ऊब सोयीची पडते हे मी इथेही पाहतो.

स्टेथो

उत्तरवारा, फार नेमकं लिहिलंत. मी मेडिसिनचा डॉक्टर आहे.

मीठभाकर, तुमचं अंग हलकं होणं आणि झोप लागणं दोन्ही मला शंभर टक्के मान्य. अंग तापलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, नंतर शरीर थंड होत जातं आणि ही उतरती कमान झोपेला मदत करते. निजण्याच्या एक-दोन तास आधी गरम पाण्याने अंघोळ केल्यास लवकर झोप लागते, यावर बऱ्यापैकी अभ्यास झाले आहेत. त्याला घाण बाहेर पडण्याचं कारण जोडायची गरजच नाही.

घाम हा जवळजवळ सगळा पाणी असतो, त्यात मीठ आणि थोडे इतर क्षार. कीटकनाशकांसारखी जी रसायनं आहेत ती चरबीत मुरणारी असतात, पाण्यात फार उतरत नाहीत, म्हणून घामात त्यांचं प्रमाण नगण्य असतं. शिसं किंवा आर्सेनिक घामात सापडतं हे खरं, पण सापडणं वेगळं आणि शरीरातला साठा रिकामा होणं वेगळं. खरोखर शिशाची विषबाधा झाली तर आपण ते धातू बांधून लघवीतून काढणारी औषधं देतो, सॉनात बसवत नाही. हे काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात, आणि पाणी कमी पिऊन घाम गाळला तर त्याच मूत्रपिंडांवर ताण येतो.

चार-पाच सेंटीमीटर आत जाण्याचंही तसंच. केबिनमध्ये बहुतेक फार-इन्फ्रारेड असतं, ते कातडीच्या अगदी वरच्या थरात, मिलिमीटरच्या काही अंशातच शोषलं जातं. नियर-इन्फ्रारेड, म्हणजे कमी तरंगलांबीचं, थोडं खोल जातं, तेही काही मिलिमीटर. पुढची ऊब रक्त वाहून नेतं. माहितीपत्रकातल्या कॅलरींचं, म्हणजे वजनाचं म्हणाल तर काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी आहे, ते तांब्याभर पाण्याबरोबर परत येतं आणि यायलाच हवं.

गोदाकाठ, आता तुमच्यासाठी खास. एएसमध्ये बहुतेकांना एटोरिकॉक्सिब, नॅप्रोक्सेन अशा सूज आणि दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या असतात. या गोळ्या आणि शरीरातलं पाणी कमी होणं ही जोडी मूत्रपिंडांना घातक आहे. गोळी चालू असेल तर आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर पाणी घेतल्याशिवाय सॉना नको, आणि जुलाब-ताप असताना तर मुळीच नको. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्तचाचणी, बघता ना? डोळा लाल होऊन दुखत असेल तर एएसमध्ये ती युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, असू शकते, अशा वेळी शेक वगैरे बाजूला ठेवून थेट नेत्रतज्ज्ञ.

मीठभाकर

डॉक्टर, सविस्तर उत्तराबद्दल आभार. धातूंबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं. झोपेचं कारण समजल्यावर आता मी वेळ बदलेन, सध्या कामावरून सुटल्यावर अगदी उशिरा जातो. पण एक विचारतो. मनावरचा ताण कमी होतो त्याला काही आधार आहे की तोही फक्त मला वाटतो?

स्टेथो

आधार आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत नैराश्याच्या तीसेक रुग्णांवर एक प्रयोग झाला. इन्फ्रारेड दिवे असलेल्या यंत्रात झोपवून त्यांचं आतलं तापमान ३८.५ अंशांपर्यंत नेलं, तेही एकदाच. दुसऱ्या गटाला तसंच यंत्र दिलं पण ऊब जेमतेम. खरी ऊब मिळालेल्यांचं नैराश्य पुढचे सहा आठवडे तुलनेने कमी राहिलं. रुग्ण थोडे होते आणि ते यंत्र जिममधल्या केबिनपेक्षा बरंच तापतं, म्हणून मी कुणाला नैराश्यावर सॉना लिहून देणार नाही. पण तुम्हाला जे वाटतं ते उगाच नाही.

पारिजात

माझ्या बाबांना (वय ७०, बीपी आणि शुगर दोन्ही) आत्याने अमेरिकेहून इन्फ्रारेडचं ब्लँकेट पाठवलंय, झिप लावून आत झोपायचं असतं ते. ते रोज वापरायचं म्हणतात. द्यावं का?

स्टेथो

तूर्त नको. त्यांच्या पायांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का ते आधी बघा. मधुमेहात तळपायाची जाणीव गेलेली असेल तर भाजतंय हे कळतच नाही. इन्सुलिन घेत असतील तर ऊब लागल्यावर ते लवकर रक्तात उतरतं आणि साखर एकदम पडू शकते. बीपीच्या गोळ्यांवर, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, गरम जागेतून एकदम उठलं की चक्कर येऊन पडणं ठरलेलं. दुखण्यासाठी कातडीवर औषधी पट्टी लावत असतील तर तिच्यावर ऊब घ्यायची नाही, औषध जादा शोषलं जातं. त्यातून ब्लँकेटमध्ये माणूस एकटा गुंडाळलेला. आणि अमेरिकेहून आलंय म्हणजे ते १२० व्होल्टचं असणार, आपल्याकडच्या प्लगला लावूच नका.

ज्यांना नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला, छातीत दुखणं चालू आहे, किंवा महाधमनीची झडप फार अरुंद झाली आहे, त्यांना तर सॉना पूर्ण वर्ज्य. गरोदर बायकांनीही, खास करून पहिल्या तीन महिन्यांत. आतलं तापमान ३९ अंशांच्या वर गेलं तर बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला धोका असतो.

निरगुडी

मी आयुर्वेदाची वैद्य. हा विषय आमच्याकडे स्वेदन, म्हणजे ऊब देऊन घाम काढणं, या नावाने येतो आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय त्यालाच दिलेला आहे. अग्नी वापरून करायचे तेरा प्रकार त्यात सांगितलेत. त्यातला जेंताक स्वेद वाचावा असा आहे. तळ्याकाठी गोल खोली बांधायची, मधोमध मातीची भट्टी, खैरासारखी लाकडं जाळून धूर निघून गेल्यावर रुग्णाने आत जाऊन भिंतीलगतच्या ओट्यावर पडायचं, आणि घेरी आली तरी ओटा सोडायचा नाही, त्याच्याच आधाराने दारापर्यंत यायचं, इतक्या बारीक सूचना आहेत.

विशेष म्हणजे कुणाला नको तेही तिथे स्पष्ट आहे. गर्भिणी, मधुमेही, रक्तपित्ताचे (रक्तस्रावाचा विकार असलेले), अतिसाराचे रुग्ण, नित्य मद्य घेणारे, सगळे वर्ज्य. हृदय, डोळे आणि वृषण यांना स्वेद द्यायचाच तर अगदी मृदू, नाहीतर देऊच नये. घाम काढताना डोळ्यांवर आच्छादन आणि हृदयावर गार मोत्यांच्या माळा किंवा थंड, ओलं काही ठेवायला सांगितलं आहे. वर डॉक्टरांनी लिहिलेली यादी आणि ही यादी किती जवळ येते बघा.

गोदाकाठ, तुमच्यासारख्या कोरड्या, ताठर पाठीला आम्ही आधी तेल लावतो, मग शेक देतो. नुसता कोरडा शेक रोज घेतला तर कातडी रखरखीत होते. निरगुडीचा पाला परतून त्याची पुरचुंडी करून पाठीवरून फिरवली तर फार छान आराम पडतो. आमच्याकडच्या वाफेच्या पेटीत डोकं बाहेर राहतं, ते मला केबिनपेक्षा सुखावह वाटतं. केबिनमध्ये मग तेल लावून बसू नका, घसरायला होतं आणि लाकूडही खराब होतं. आदल्या रात्री लावा.

घाटमाथा

निरगुडी ताईंनी वृषणांबद्दल लिहिलं म्हणून धीर करून लिहितो. आम्ही मूल व्हावं म्हणून उपचार घेत होतो, तेव्हा डॉक्टरांनी मला पहिलं सांगितलं ते सॉना बंद. इटलीत दहा निरोगी पुरुषांवर झालेला अभ्यास त्यांनी दाखवला, २०१३ चा. तीन महिने आठवड्यातून दोनदा, ८०-९० अंशांच्या सॉनात पंधरा पंधरा मिनिटं. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटली, आणि सॉना बंद केल्यावर सहा महिन्यांत पूर्ववत झाली. तो साधा सॉना होता, इन्फ्रारेड नव्हे, पण आम्ही धोका पत्करला नाही. ज्या जोडप्यांचा प्रयत्न चालू आहे त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. पुरुषांना हे कुणी आपणहून सांगत नाही.

अबोली

+१ घाटमाथा, लिहिलंत ते बरं केलंत.

आम्ही काही वर्षं श्रीनगरला होतो, यजमान फौजेत. तिथे फिरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या, आत कांगडी घेऊन बसतात, वेताच्या टोपलीतलं निखाऱ्याचं मडकं. हिवाळाभर ती पोटाशी, मांड्यांशी असते. म्हाताऱ्या बायकांच्या मांड्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग दिसायचे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं एकाच जागी धग लागली की कधी कधी तिथे कातडीचा कर्करोगही होतो, आणि त्याला कांगडीचंच नाव आहे.

केबिनमध्ये तसं होतं असं मी म्हणत नाही. पण रोज त्याच जागी हीटिंग पॅड लावून झोपणाऱ्यांनी पाठ आरशात बघत जावी. जाळीदार लालसर-तपकिरी नक्षी दिसली तर शेक थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं.

गोदाकाठ

अबोली ताई, तुमचं वाचून मुलीला पाठ बघायला सांगितली. कमरेवर फिकट डाग आहेत, पॅड ठेवते तिथेच. पॅड आजपासून बंद, पुढच्या आठवड्यात दाखवून येते. मनापासून आभार.

स्टेथो सर, एटोरिकॉक्सिब आहे माझं, गरजेप्रमाणे. क्रिएटिनिन दर सहा महिन्यांनी होतं.

निशिकासाईकर

जपानमधून थोडी भर. कागोशिमा विद्यापीठातले डॉ. चुवा तेई यांनी १९८९ च्या सुमारास हृदय अशक्त झालेल्या रुग्णांसाठी फार-इन्फ्रारेड सॉना वापरायला सुरुवात केली. पुढे त्याला वाओन हे नाव मिळालं. पद्धत अगदी शिस्तीची. ६० अंशांवर पंधरा मिनिटं, बाहेर आल्यावर अर्धा तास ब्लँकेटमध्ये निवांत पडून राहायचं, आधी आणि नंतर वजन करायचं आणि जेवढं घटलं तेवढं पाणी प्यायचं. सगळं रुग्णालयात, देखरेखीखाली.

२०१६ मध्ये याची अनेक रुग्णालयांत मिळून १४९ रुग्णांवर चाचणी झाली. चालण्याची क्षमता सुधारली, पण ज्या रक्तचाचणीवर मुख्य निकाल ठरायचा होता तिच्यात दोन गटांत ठाम फरक निघाला नाही. इन्फ्रारेडवर जेवढं चांगलं संशोधन आहे त्यातलं बरंचसं हेच आहे, आणि त्यात पंधरा मिनिटंच आहेत! चाळीस-पन्नास मिनिटं बसा म्हणणाऱ्यांना हे जरूर दाखवा. माझ्या मते त्यातला नंतरचा अर्धा तास सगळ्यांत मोलाचा, आणि आपण नेमका तोच गाळून मोबाइल हातात घेतो.

कातळ

गरम पाणी सगळ्यांत जास्त तापवतं हे उत्तरवारांनी लिहिलं, ते वाचून आमच्या कोकणातल्या कुंडांची आठवण झाली. संगमेश्वर तालुक्यात राजवाडी, तुरळ, आरवली, राजापूरजवळ उन्हाळे, दापोलीकडे उन्हवरे. मुंबईच्या लोकांना वज्रेश्वरी-गणेशपुरी जवळ. जळगावकडे उनपदेव आहे, ते नाशिकहून जमण्यासारखं. भाताची लावणी संपली की आमची आजी गुडघे घेऊन राजवाडीला जायची. पाण्याचा भार उचलला जातो म्हणून सांधे हलवायलाही सोपं जातं. पाणी फार कढत असेल तर आधी हात घालून बघायचं, आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं, ताठ पाठीच्या माणसाने कुणाचा हात धरूनच उतरावं.

फ्यूजवाले काका

पोरी, वैद्यकाचं मला कळत नाही, विजेचं सांगतो. महावितरणमधून निवृत्त झालो.

एका माणसाची इन्फ्रारेड केबिन साधारण दीड किलोवॅट खाते, दोघांची दोनच्या आसपास. फिनलंडसारखा दगडांचा हीटर घ्यायचा तर सहा किलोवॅट आणि त्याच्याही पुढे, त्या मानाने हे घरात बसण्यासारखं आहे. दीड किलोवॅट तासभर चालवलं, तापायचा वेळ धरून, तर दीड युनिट. म्हणजे बिलाची चिंता नको, वायरिंगची कर. जुन्या सोसायटीत एका सर्किटवर फ्रीज, मिक्सर सगळं असतं, त्यावर हे लावायचं नाही. डीबीतून, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीतून, वेगळी लाइन, १६ अँपियरचा सॉकेट, जादा भार आला की पडणारा स्वतंत्र स्विच, म्हणजे एमसीबी. ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं यंत्र, हवंच, आत माणूस घामाने ओला बसलेला असतो. अर्थिंग मीटर लावून तपासून घे, इलेक्ट्रिशियनच्या तोंडी शब्दावर विसंबू नकोस. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही.

दार बाहेर उघडणारं आणि कडी नसलेलं हवं. टायमर आपोआप बंद करणारा. आणि आत वास घे. स्वस्त केबिनमध्ये प्लायवूड चिकटवलेलं असतं, तापल्यावर डोळे चुरचुरतात. सलग लाकूड असेल तर तसं होत नाही.

गोदाकाठ

काका, हे मला कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नव्हतं. आमची सोसायटी ऐंशीच्या दशकातली आहे, वायरिंग तेव्हाचंच. म्हणजे केबिनच्या आधी तोच खर्च.

सगळ्यांचं वाचून यजमानांशी बोलले. केबिन घेत नाही. इथे कॉलेज रोडकडे एका ठिकाणी इन्फ्रारेड सॉना आहे, तिथे थंडीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा जाईन. पंधरा-वीस मिनिटं, मग तिथेच सतरंजीवर पालथं पडून ताण द्यायचे. त्यांना विचारून जागा ठरवून घेतली आहे. आमच्या संधिवाततज्ज्ञांनाही विचारलं. ते म्हणाले, एएसचं इंजेक्शन चुकवायचं नाही, ताप किंवा कसला संसर्ग असेल त्या आठवड्यात जायचं नाही, बाकी खुशाल जा. उनपदेवचंही ठरवतोय, सासूबाईंचे गुडघे आहेतच.

घरी रोजच्यासाठी पॅडऐवजी लाल दिवा घ्यावा म्हणते, त्वचेच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. सांधेजोड, तो किती अंतरावर ठेवायचा?

सांधेजोड

घरगुती लाल दिवा असेल तर दीड ते दोन फूट, कडेने. डोक्यावर किंवा पाठीच्या बरोबर वर टांगायचा नाही, बल्ब फुटला किंवा स्टँड कलंडला तर अंगावर येतो. एका कुशीवर झोपा, पाठ दिव्याकडे, तोंड पलीकडे. कातडीवर तेल, मलम, बाम काही नको, विशेषतः झोंबणारं मलम लावून तर मुळीच नाही. पंधरा मिनिटांचा गजर लावा, कारण ऊब मिळाली की डोळा लागतो. सुखद कोमट वाटलं पाहिजे, सोसवेल तितकं गरम असा हिशेब नाही. पाच मिनिटांनी मुलीला पाठ बघायला सांगा. सगळीकडे सारखी गुलाबी दिसली तर ठीक, ठिपके किंवा पट्टे दिसले तर दिवा मागे न्या. आणि त्या डागांचं काय निघालं ते इथे कळवा, तोवर दिवाही नको.

गोदाकाठ

कळवते. मंगळवारची वेळ मिळाली आहे.